पंपिंग 60 टक्के आहे ना, मग झालं की! (नाही झालं, बीपीवाल्यांनी जरा थांबा)

माझं काम इको करायचं, म्हणजे हार्टची सोनोग्राफी. छातीवर जेल लावून प्रोब टेकवला की दोन मिनिटांत समोरून प्रश्न येतोच, "सर, पंपिंग किती आहे?" मी म्हणतो 60 टक्के, आणि टेबलावरचा माणूस असा सुस्कारा सोडतो की जणू दहावीचा निकाल लागला. मग रिपोर्ट घडी घालून पिशवीत जातो आणि त्यातले बाकीचे दहा-पंधरा आकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. बीपी असलेल्या माणसाची खरी भानगड बऱ्याचदा त्याच आकड्यांत लपलेली असते, आणि त्यात त्याची शुगर, पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) या सगळ्यांचा हात असतो, म्हणून हे एकदा नीट लिहून काढतोय.

आधी बीपीने हार्टला काय होतं ते बघू. हार्टला चार कप्पे, त्यातला डावा खालचा कप्पा सगळ्या अंगाला रक्त ढकलतो, दिवसाला साधारण एक लाख वेळा. बीपी जास्त म्हणजे समोरचा दाब जास्त, म्हणजे तेच रक्त ढकलायला दर ठोक्याला जास्त जोर. आता हा कप्पा हुशार आहे, तो भिंत जाड करतो. यामागे लाप्लासचा नियम आहे, सोप्यात सांगायचं तर भिंतीवरचा ताण हा आतला दाब आणि कप्प्याचा आकार वाढला की वाढतो आणि भिंत जाड झाली की कमी होतो. म्हणजे जाड होणं ही हार्टने केलेली सोय आहे, सुरुवातीला तरी. हार्टच्या स्नायूच्या पेशी नव्याने फारशा जन्माला येत नाहीत, आहेत त्याच पेशी जाडजूड होतात. याला म्हणतात एलव्हीएच, रिपोर्टवर हीच तीन-चार अक्षरं असतात.

इथे कुणीतरी हमखास विचारतं, "अहो पण पैलवानाचंही हार्ट मोठं असतं की, मग ते चांगलं आणि माझं वाईट कसं?" प्रश्न बरोबर आहे. खेळाडूच्या हार्टवर लोड येतो तो दिवसातले एक-दोन तास, मग विश्रांती मिळते, कप्पा मोकळा मोठा होतो, भिंत त्या प्रमाणात वाढते, आणि सराव सोडला की बरंचसं परत जागेवर येतं. बीपीवाल्याच्या हार्टला सुट्टीच नाही, झोपेतसुद्धा. शिवाय पेशी जाड होतात तसं मधल्या जागेत कोलॅजन साठत जातं, म्हणजे जखम भरल्यावर जशी कडक खूण राहते तसलं धाग्यांचं जाळं, आणि बारीक रक्तवाहिन्या काही त्या वेगाने वाढत नाहीत. मांस वाढलं, रसद तेवढीच राहिली. त्यातून हार्टच्या भिंतीला स्वतःचं रक्त मुख्यतः मिळतं ते हार्ट सैल पडतं तेव्हा, आणि जाड कडक भिंत नीट सैलच पडत नाही. म्हणून मोठ्या नळ्यांत कुठेही ब्लॉक नसताना काही जणांना चालताना छाती भरून येते.

बरं, आता मुद्द्याचं. दोन माणसं घ्या, दोघांचंही बीपी 150/95, दोघांनाही सात-आठ वर्षं झालेली. इकोत एकाची भिंत 10 मिमी आणि दुसऱ्याची 13. हे मी रोज बघतो. बीपी सारखं मग हार्ट वेगळं का? थोडं अनुवंशिक, थोडं मीठ, थोडं बीपी खरंच चोवीस तास सारखं आहे का यावर. पण एक मोठा फरक असतो तो मेटाबॉलिक गोष्टींचा, म्हणजे शरीर साखर आणि चरबी कशी हाताळतं त्याचा. दुसरा माणूस बहुतेक वेळा पोट सुटलेला, शुगर काठावर, ट्रायग्लिसराइड वाढलेले असा असतो.

या सगळ्याला एकत्र बांधलं ते जेराल्ड रीव्हन या अमेरिकन डॉक्टरांनी, 1988 साली. त्यांनी नाव दिलं सिंड्रोम एक्स, आणि गंमत म्हणजे त्यांच्या मूळ यादीत लठ्ठपणा नव्हताच, त्यांचा सगळा भर होता इन्सुलिनला शरीर दाद देत नाही यावर. पुढे कंबर यादीत आली आणि नाव झालं मेटाबॉलिक सिंड्रोम. 2009 साली वेगवेगळ्या संस्थांनी मिळून जी व्याख्या ठरवली तिच्यात पाच गोष्टी आहेत आणि पाचातल्या कुठल्याही तीन असल्या की तुम्ही त्यात बसलात: कंबरेचा घेर जास्त, ट्रायग्लिसराइड 150 किंवा वर, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल पुरुषांत 40 च्या आणि बायकांत 50 च्या खाली, उपाशीपोटीची शुगर 100 किंवा वर, आणि बीपी 130/85 किंवा वर (यापैकी कशाची गोळी चालू असेल तरी ती गोष्ट मोजायची). कंबरेचा आकडा वंशानुसार बदलतो, आशियाई लोकांसाठी पुरुषांना 90 सेंमी आणि बायकांना 80. बीपीवाल्याचा एक मार्क आधीच लागलेला असतो, अजून दोनच हवेत, आणि ते दोन मिळायला फार कष्ट पडत नाहीत.

कंबर मोजताना लोक पँटचा नंबर सांगतात. अहो पँट पोटाच्या खाली घातलेली असते! टेप लावायची ती सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पँट 34 ची आणि घेर 102 सेंमी असे कितीतरी निघतात.

आता इन्सुलिनकडे. आपण म्हणतो इन्सुलिनला दाद मिळत नाही, पण सगळे अवयव सारखे बहिरे होत नाहीत. स्नायू आणि लिव्हर साखरेच्या बाबतीत ऐकेनासे होतात, म्हणून स्वादुपिंड ओरडून ओरडून जास्त इन्सुलिन सोडतं, आणि किडनीला मात्र ते व्यवस्थित ऐकू येतं. इन्सुलिन किडनीला सांगतं मीठ धरून ठेव, किडनी धरून ठेवते. मीठ राहिलं की पाणी राहिलं, पाणी राहिलं की रक्ताचं आकारमान वाढलं. त्याच वेळी जास्तीचं इन्सुलिन सिंपथेटिक नसांना चेव आणतं, म्हणजे अंग कायम थोडं भांडणाच्या पवित्र्यात, ठोके जलद, नळ्या आवळलेल्या. पोटातली चरबीही गप्प बसलेली नसते, ती अँजिओटेन्सिन ज्यापासून बनतं तो कच्चा माल स्वतः तयार करते, आणि अँजिओटेन्सिन नळ्या आवळतं, अल्डोस्टेरॉन (किडनीला मीठ धरायला लावणारं हार्मोन) वाढवतं आणि हार्टमध्ये तो कोलॅजनचा थर चढवायला मदत करतं. म्हणजे बीपीने एका बाजूने दाब वाढवलेला, चरबीने दुसऱ्या बाजूने रक्त वाढवलेलं, आणि वर भिंतीत खतपाणी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

साखरेचं आणखी एक. जास्तीची साखर वर्षानुवर्षं प्रथिनांना चिकटते आणि कोलॅजनचे धागे एकमेकांना बांधून टाकते, त्यामुळे ते आणखी ताठ. (एचबीए1सी टेस्टमध्ये आपण हिमोग्लोबिनला चिकटलेली साखरच मोजतो, तसलाच प्रकार.) अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर स्ट्राँग हार्ट नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात दिसलं की डायबेटीसवाल्यांचं हार्ट जास्त वजनदार आणि भिंती जास्त जाड असतात, आणि बीपीचा हिशोब वजा केला तरी हा फरक उरतो. म्हणजे "शुगर आहे पण बीपी कंट्रोल आहे, हार्टला काय होतंय" हे काही खरं नाही. बायकांमध्ये तर लठ्ठपणा आणि शुगर यांचा हार्टवरचा परिणाम पुरुषांपेक्षा जास्त दिसतो असं बऱ्याच अभ्यासांत आलंय, आणि त्यांच्याच तक्रारी "दगदग झाली असेल" म्हणून उडवल्या जातात.

ट्रायग्लिसराइडवर थोडक्यात. हार्टचं मुख्य इंधन चरबीच आहे, गरज पडली की ते साखरेवरही चालतं, पण इन्सुलिन चालेनासं झालं की ही अदलाबदल जमत नाही, हार्ट चरबीवरच अडकतं आणि तेवढ्याच कामाला जास्त ऑक्सिजन लागतो. जळत नाही ती चरबी पेशीत साठते. युरिक अॅसिड पण या मंडळींत बऱ्याचदा वाढलेलं असतं, पण ते गुन्हेगार आहे की नुसता साक्षीदार यावर अजून वाद चालू आहे, म्हणून ते बाजूला ठेवतो. आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, त्या पाचांच्या यादीत नाही म्हणून त्याला विसरू नका, नळ्यांतल्या ब्लॉकचा तो मोठा कारभारी आहे.

आता परत पंपिंगवर. रिपोर्टवर ते ईएफ म्हणून लिहिलेलं असतं. ईएफ म्हणजे काय, तर कप्प्यात जेवढं रक्त भरलं त्यातलं किती टक्के बाहेर पडलं. टक्के! भरलं किती ते यात कुठेच नाही. समजा कप्पा मोकळा आहे, 130 मिली भरलं, 60 टक्के म्हणजे 78 मिली बाहेर. भिंत जाड होऊन आतली जागा आक्रसली, 90 मिलीच भरलं, त्याचेही 60 टक्के, म्हणजे 54 मिली. दोन्ही रिपोर्टवर पंपिंग 60, दोघेही खूश, आणि दुसरा जिना चढताना धापा टाकतोय. बीपी, शुगर, वजन या तिघांचं मिळून जे हार्ट फेल्युअर होतं ते बऱ्याचदा असंच असतं, पंपिंग चांगलं पण भरणं वाईट. "फेल्युअर" शब्द ऐकून घाबरायला होतं पण याचा अर्थ हार्ट बंद पडलं असा नाही, ते शरीराला पुरेल एवढं काम आरामात करू शकत नाही एवढाच.

भरण्याचं माप रिपोर्टमध्ये डायस्टोलिक या शब्दाखाली असतं. झडप उघडली की आधी रक्त स्वतःहून धावत येतं, ती ई लाट, मग वरचा कप्पा शेवटी पिळून उरलेलं ढकलतो, ती ए लाट. तरुण निरोगी हार्टमध्ये ई मोठी. भिंत सैल पडायला आळस करू लागली की ई छोटी होते आणि ए ला जास्त काम, म्हणून ई/ए 0.7 वगैरे येतं आणि खाली लिहिलं जातं ग्रेड 1 डायस्टोलिक डिसफंक्शन. साठीच्या पुढे हे खूप जणांत असतं, त्यावरून झोप उडवायचं कारण नाही. पण पंचेचाळिशीत, पोट सुटलेल्या बीपीवाल्यात आलं तर मी लक्ष देऊन पुढचं बघतो, म्हणजे डावा वरचा कप्पा मोठा झालाय का. तो कप्पा म्हणजे जुनी वही, खालच्या कप्प्यातला दाब वर्षानुवर्षं किती होता ते त्याच्या आकारात लिहिलेलं असतं. तो ताणला गेला की पुढे ठोके अनियमित होण्याची, एट्रियल फिब्रिलेशनची शक्यता वाढते, आणि त्यातून गुठळी, आणि गुठळीतून पॅरालिसिसचा झटका.

एक हिशोब दाखवतो, कारण हा मला स्वतःला कळला तेव्हा मी चाट पडलो होतो. धरा एक माणूस, उंची 165 सेंमी, वजन 92 किलो. इकोत मधली भिंत 13 मिमी, मागची 12, आतली जागा 46 मिमी. ठरलेल्या सूत्रात टाकलं की डाव्या कप्प्याचं वजन येतं साधारण 217 ग्रॅम. आता 217 जास्त की कमी हे माणसाच्या आकारावर ठरतं, म्हणून त्याला शरीराच्या पृष्ठभागाने भागतात. याचा पृष्ठभाग 2.05 चौरस मीटर, भागाकार आला 106. पुरुषांची मर्यादा 115, बायकांची 95. म्हणजे नॉर्मल! रिपोर्टवर एलव्हीएच नाही. आता हेच हार्ट, अगदी हेच, 70 किलोच्या त्याच उंचीच्या माणसात ठेवा. पृष्ठभाग 1.79, भागाकार 121. एलव्हीएच आहे. बघा काय झालं, जाड माणसाची चरबी भागाकारात खाली गेली आणि तिनेच रोग झाकला. ज्याच्यामुळे हार्ट वाढलं तोच साक्ष द्यायला उभा, की सगळं ठीक आहे. म्हणून लठ्ठ माणसात उंचीने भागायची पद्धत आहे, उंची मीटरमध्ये घेऊन तिचा 2.7 घात (विचित्र आकडा आहे, मान्य). आपल्या माणसाचं मग येतं 56, आणि पुरुषांसाठी 50 च्या वर एलव्हीएच धरतात, बायकांसाठी 47 च्या वर. बऱ्याच रिपोर्टवर हे छापलेलंच नसतं, तुमचं वजन जास्त असेल तर डॉक्टरांना विचारायला काही हरकत नाही.

शिवाय दोन्ही भागाकार बाजूला ठेवून एक साधी गोष्ट घरी करता येते. मागच्या भिंतीची दुप्पट करा आणि आतल्या जागेने भागा. इथे 24 भागिले 46, म्हणजे 0.52. हे 0.42 च्या वर असेल तर भिंत जागेच्या मानाने जाड आहे, कप्प्याचं एकूण वजन नॉर्मल असलं तरी. हा बदल बीपीवाल्यात सुरुवातीलाच दिसू शकतो. नुसतं अंगाचं वजनच वाढलेलं आणि दाब फारसा नाही अशांमध्ये उलट कप्पा मोठा होण्याकडे कल असतो कारण रक्ताचं आकारमान वाढलेलं असतं, आणि दोन्ही असेल तर दोन्हीची सरमिसळ.

"ईसीजी नॉर्मल आहे" हे पण खूप ऐकतो. ईसीजीत एलव्हीएच बघायची जुनी पद्धत आहे सोकोलोव-लायनची, 1949 ची, दोन ठिकाणच्या लाटांची उंची मिळवायची आणि 35 मिमी झाली की एलव्हीएच. पण ईसीजी बरीच प्रकरणं सोडून देतो, आणि जाड माणसात तर जास्तच, कारण छातीवरची चरबी करंट दाबते आणि लाट बुटकी दिसते. इथेही चरबीच झाकते. (खरं सांगायचं तर इकोतही जाड माणसात चित्र धूसर येतं, मी प्रोब दाबून दाबून घामाघूम होतो आणि पेशंट वैतागतो ते वेगळंच.) आणि प्रत्येक जाड भिंत बीपीचीच असते असंही नाही, काही घराण्यांत स्नायूच जन्मतः तसा असतो, कधी महाधमनीची झडप अरुंद असते, म्हणून निदान रिपोर्ट वाचून स्वतः करायचं नाही.

हे जाड असणं एवढं मनावर का घ्यायचं? अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात 1948 पासून लोकांच्या हार्टचा पाठपुरावा चालू आहे, तिथल्या लोकांच्या इकोवरून 1990 साली छापून आलं की डाव्या कप्प्याचं वजन जास्त असेल तर पुढे हार्टचे आजार आणि मृत्यू जास्त, आणि बीपी, वय वगैरे हिशोबात धरूनही. म्हणजे बीपीचा आकडा हा त्या क्षणाचा फोटो, आणि भिंतीची जाडी ही सगळ्या रात्रींची बेरीज. रात्री म्हणतोय ते मुद्दाम, झोपेत बीपी 10 ते 20 टक्के खाली यायला हवं, आणि पोट सुटलेल्या, घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसांचं ते बऱ्याचदा येतच नाही. दिवसा दवाखान्यात 130 आणि रात्रभरही 130, अशा माणसाचं हार्ट जाड होतं आणि सगळे विचारतात बीपी तर कंट्रोलमध्ये होतं. घोरणं ही चेष्टेची गोष्ट नाही, बायको तक्रार करत असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि बीपी मोजताना दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, छोट्या पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो.

आता चांगली बातमी, हे बरंचसं मागे फिरतं. 2002 साली लाइफ नावाची ट्रायल आली, 9193 लोक, सगळ्यांना बीपी आणि ईसीजीत एलव्हीएच. अर्ध्यांना लोसार्टन (अँजिओटेन्सिनला अडवणारी सार्टन गटातली गोळी), अर्ध्यांना अटेनोलॉल (जुना बीटा ब्लॉकर, ठोके मंद करणारी गोळी). बीपी दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरलं, पण लोसार्टनवाल्यांची जाडी जास्त कमी झाली, पॅरालिसिसचे झटके साधारण 25 टक्के कमी, आणि नव्याने डायबेटीस होणारेही कमी. बघा, बीपीचा आकडा सारखा आणि तरी हार्ट आणि शुगर दोन्हीत फरक, सुरुवातीच्या त्या दोन माणसांसारखंच. म्हणून पोट आणि शुगर असलेल्या बीपीवाल्याला डॉक्टर बऱ्याचदा सार्टन किंवा प्रिल गटातली गोळी आधी देतात. जुने बीटा ब्लॉकर आणि मोठ्या डोसमधल्या लघवीच्या गोळ्या शुगर थोडी वाढवू शकतात, पण म्हणून हे वाचून कुणी गोळी बंद करू नका, बीटा ब्लॉकर अचानक थांबवणं धोक्याचं असतं आणि काहींना तो हार्टच्या दुसऱ्या कारणासाठी दिलेला असतो.

वजनाचं तर फार जुनं आहे. 1986 साली ऑस्ट्रेलियात तरुण, वजनदार बीपीवाल्यांवर प्रयोग झाला, साधारण 8 किलो वजन उतरवलं, आणि पाच महिन्यांच्या आसपासच्या काळात इकोत भिंती मोजण्याइतक्या बारीक झाल्या. चरबी पोटावरची उतरली आणि फरक हार्टच्या भिंतीत दिसला. बीपीचं म्हणाल तर ढोबळमानाने एक किलोमागे एक पॉइंट. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, हे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, म्हणजे सपाट एक चहाचा चमचाभर आणि त्यात पाकिटबंद पदार्थांतलंही आलं. आठवड्याला 150 मिनिटं घाम येईल असं चालणं. शुगरच्या नव्या गोळ्यांपैकी ज्या किडनीतून साखर आणि थोडं मीठ लघवीवाटे घालवतात त्यातल्या एम्पाग्लिफ्लोझिनने डायबेटीस अधिक हार्टच्या नळ्यांचा आजार असलेल्या लोकांत सहा महिन्यांत डाव्या कप्प्याचं वजन कमी झालेलं 2019 च्या एका छोट्या ट्रायलमध्ये दिसलं. कोलॅजन एकदा पक्कं बसलं की मात्र ते सहज निघत नाही, स्नायू बारीक होतो पण ताठरपणा थोडा राहतो, म्हणून जितकं लवकर तितकं बरं.

शेवटचं एक, कारण हे मला आठवड्यातून एकदा तरी समजावावं लागतं. माणूस वर्षाने परत येतो, "सर, गेल्या वेळी 13 होती, आता 12 आली, कमी झालं ना?" सूत्रात सगळे आकडे घन होतात. वरच्याच माणसाच्या दोन्ही भिंती 1-1 मिमी कमी धरल्या तर 217 ग्रॅमचे 193 होतात, 24 ग्रॅमचा फरक, आणि स्क्रीनवर 1 मिमी म्हणजे माझा कर्सर जरा इकडे की तिकडे ठेवला एवढंच. म्हणून लगेच सहा आठवड्यांनी परत इको करायला धावू नका, वर्षभराने करा, जमलं तर त्याच मशीनवर आणि त्याच माणसाकडून, आणि येताना जुना रिपोर्ट आणा, नुसतं "पंपिंग 60 होतं" एवढं सांगू नका.